गाडी झोपेपर्यंत

किल्ली लांब ठेवली आहे. शेडच्या पार पलीकडच्या टोकाला, माठाशेजारच्या खिळ्याला. या गाड्यांना किल्ली जवळ आल्याचं कळतं, आणि किल्ली जवळ आहे म्हटल्यावर त्या जाग्या राहतात. तुमचा मोबाईलही तिकडेच ठेवून या. पुढचा तास-दीड तास तो लागणार नाही.

आता स्टूल ओढा आणि बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. हात मांडीवर. आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहोत, जुलै चालू आहे, पाऊस पत्र्यावर एकसारखा वाजतो आहे. समोर एक जर्मन गाडी उभी आहे, तिकडेच अख्खी बांधून जहाजाने आलेली. तिची बॅटरी उतरते. रोज नाही. कधी तिसऱ्या दिवशी, कधी आठवडाभर काहीच नाही, मग लागोपाठ दोनदा. रोज उतरली असती तर ती इथवर आलीच नसती. रोजचा दोष कोणालाही सापडतो.

मालकीण डॉक्टर आहेत, बाळंतपणं करतात. रात्री दोनला फोन आला की त्यांना निघावं लागतं. गेल्या महिन्यात एका रात्री त्यांनी बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि आतून नुसतं टक्-टक् ऐकू आलं. भर पावसात त्या रिक्षा शोधत चालत निघाल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण मला हे सांगताना डॉक्टरबाईंचा आवाज कापत होता. तो आवाज मनात असू द्या. समोरचा आकडा कशासाठी पाहायचा, ते त्याने विसरायला होत नाही.

तयारी मी केली आहे, तुम्ही फक्त नजर फिरवा. बॉनेट उघडं. डिकी उघडी, कारण बॅटरी तिथे आहे. डॅशबोर्डच्या कडेचं फ्यूजचं झाकण काढून ठेवलंय. डावीकडचं पुढचं दार सताड उघडं आहे, पण नीट पाहा, त्याच्या लॉकची जीभ मी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून मिटवली आहे. बॉनेटची आणि डिकीचीही तशीच. गाडीच्या लेखी सगळी दारं लागली, माणसं निघून गेली. (दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ पुन्हा उघडायची, हे मात्र लक्षात ठेवा. नाहीतर दार आपटतं आणि लॉक दुखावतं.) बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती क्लँप मीटर लावला आहे. केबल मी सोडवलेली नाही. सोडवून पुन्हा जोडली की गाडीतले सगळे कंट्रोलर नव्याने सुरू होतात, आणि जो दोष पाहायला बसलो तो कधीकधी त्यातच विरून जातो. मग गाडी चार दिवस गुणी राहते आणि पाचव्या रात्री दगा देते.

लॉक केल्याला एक मिनिट झालं. मीटरवर ९.१ अँपिअर.

काही करू नका. श्वास जसा चाललाय तसा चालू दे. आकडा बघत राहा.

६.४ झाला. तिथेच रेंगाळला. डिकीच्या कोपऱ्यातून एक बारीक घरघर येत होती, ती थांबली, ऐकलंत? ५.२. गाडी आवरते आहे. भरल्या वाड्यात रात्री जेवणं आटोपल्यावर जसं होतं तसं बघा. भांडी घासून पालथी पडतात, माजघरातला दिवा जातो, कोणी अंथरूण घालतं, कोणी अजून ओसरीवर बोलत बसलेलं असतं. आणि जोवर ओसरीवर एक जण बोलतोय तोवर आतल्या कोणाचाही डोळा लागत नाही.

हे मी उगाच जुळवून सांगत नाही. ही गाडी अक्षरशः अशीच झोपते. हिच्यात पन्नासाच्या वर कंट्रोलर आहेत: इंजिनाचा, गिअरचा, ब्रेकचा, एकेका दाराचा, सीटचा, छताच्या काचेचा. पूर्वी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर जायची आणि वायरिंगचा जुडगा मनगटाएवढा व्हायचा. बॉश कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत दुसरी पद्धत मांडली. सगळ्यांनी मिळून दोनच वायरींवर बोलायचं, पाळीपाळीने, आणि ज्याचं सांगणं जास्त निकडीचं त्याला आधी बोलू द्यायचं. तिला कॅन बस म्हणतात. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरी. गप्प असताना दोन्हींवर अडीच-अडीच व्होल्ट. बोलणं सुरू झालं की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते, आणि ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा ऐकतो. बाहेरून गडबड आली तर ती दोघींवर सारखीच येते, फरक तसाच राहतो. गोंगाटात एकमेकांचं ऐकू यावं म्हणून माणसांनी किती बारीक विचार केलाय, याचं मला दरवेळी नवल वाटतं आणि आदरही.

त्या वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात. दोन्ही जागेवर असतील तर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरवर बहुतेक गाड्यांत ६० ओहम मिळतात. १२० मिळाले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. शून्याजवळ काही मिळालं तर दोघी एकमेकींना चिकटल्यात. या गाडीत मी सकाळीच मोजले, ६० आहेत. वायरी धड आहेत. म्हणजे सगळे एकमेकांना नीट ऐकू शकतात. प्रश्न असा आहे की मध्यरात्री बोलतंय कोण.

१.९ अँपिअर. बारा मिनिटं झाली.

आता तुमच्या हाताकडे लक्ष द्या. तो शिवशिवतोय. समोर फ्यूजची रांग आहे, पकड शेजारी आहे, एकेक फ्यूज उपसावा आणि आकडा कधी पडतो ते बघावं, असं वाटतंय. मलाही वाटतं. तीस वर्षं झाली, अजून वाटतं. ती शिवशिव दाबू नका आणि तिच्या मागेही जाऊ नका. नुसती पाहा. ती मनगटात कुठे आहे, बोटांत कुठे आहे.

माझे वस्ताद असंच फ्यूज उपसून दोष काढायचे आणि त्यांच्या काळात ते बरोबर होतं. ॲम्बॅसडर आणि फियाटमध्ये वाट एकच असायची: बॅटरी, फ्यूज, स्विच, दिवा. फ्यूज काढला, टेस्टलॅम्प विझला, झालं. या गाडीत फ्यूज काढला की एक कंट्रोलर अचानक मुका होतो, बाकीचे त्याला हाका मारतात आणि अख्खा वाडा जागा होतो. परत बसवला की तो नव्याने उठतो, सगळ्यांना आपण आल्याचं सांगतो. अर्ध्या तासाची झोप गेली. त्यात जो खरा बोलका होता तोही गोंधळात मिसळून जातो. आपल्या हाताने केलेला आवाज आणि गाडीचा आवाज मग वेगळा काढता येत नाही.

वस्तादांना जर्मन येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. पण त्यांच्या खाकी वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: तपकिरी म्हणजे अर्थ. जर्मन गाड्यांत अर्थिंगची वायर तपकिरी असते. लाल म्हणजे थेट बॅटरी. त्याखाली आकडे: ३० म्हणजे कायमचा पॉझिटिव्ह, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, ३१ अर्थ, ५० स्टार्टर. हे आकडे जर्मनीत प्रमाण म्हणून ठरलेले आहेत, कोणत्याही कंपनीच्या नकाशात तेच. दुसऱ्या पानावर जपानी गाड्या. तिथे अर्थ बहुतेक काळा, आणि नकाशात निळ्याला इंग्रजी एल हे अक्षर, कारण बी काळ्याला देऊन झालेलं असतं. "बाहेरची गाडी आली की आधी तिची बाराखडी शिकायची," ते म्हणायचे, "मगच तिला कुठं दुखतंय विचारायचं." दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते ना, ती तीसच्या दशकातली जर्मन गाडी, तिच्यासाठी ते आम्हा पोरांना दरवर्षी घेऊन जायचे. सोनं लुटायच्या गर्दीत आम्हाला एका बाजूला उभं करून सांगायचे, डोळं मिटा आणि नुसतं इंजिन ऐका. आम्ही ऐकायचो. त्यांचं ऐकणं आमच्याहून किती खोल होतं ते पुढे समजलं.

०.७. मग ०.३. आता घाई अजिबात नको. शेवटचे जे झोपतात ते सावकाश झोपतात.

चौतीस मिनिटांनी आकडा २८ मिलिअँपिअरवर आला आणि टेकला. अँपिअरच्या हिशेबात ०.०२८. बघा, किती शांत आहे. आपणही शांत झालोत. पाऊस कमी झालाय ते आत्ता ध्यानात आलं का?

या शांततेत हिशेब करू. २८ मिलिअँपिअर दिवसभर गेले तर पाऊण अँपिअर-तासही होत नाही. डिकीतली बॅटरी ८० अँपिअर-तासांची आहे. महिनाभर गाडी उभी ठेवली तरी पावपट खर्च होईल, सकाळी बटण दाबताच इंजिन लागेल. साधारण ५० च्या आत आकडा असला की आमच्या धंद्यात हुश्श म्हणतात, मीटर गुंडाळतात, गाडी निर्दोष आहे असं सांगून मालकाला पाठवतात. ही गाडी अशीच एकदा परत गेलेली आहे. आधी जिथे दाखवली होती तिथे हाच आकडा पाहून बॅटरी बदलली. मग ऑल्टरनेटर. मग आणखी एक बॅटरी.

उठू नका. २८ वर बसून राहा.

पाच मिनिटं. आठ. मन म्हणेल, बघितलं, ठीक आहे, चला. म्हणू दे. अकरा मिनिटं झाली आणि...

३.२.

दिसलं? कोणी हात लावला नाही, कोणी चाललं नाही, किल्ली खिळ्यावरच आहे. आकडा २८ वरून तीन अँपिअरच्या वर गेला. तान्हं मूल झोपेत दचकून उठतं तसा. आता तो पुन्हा उतरेल, सहा-सात मिनिटं घेईल, पुन्हा २८. मग काही वेळाने पुन्हा दचकेल. सरासरी काढली तर पाऊण-एक तासात ०.६ अँपिअर पडते. दिवसाला चौदा अँपिअर-तास, तीन दिवसांत अर्धी बॅटरी. डॉक्टरबाईंचा तिसरा दिवस तो हा.

मला या क्षणी नेहमी बरं वाटतं. दोष सापडलेला नाही. पण तो आपल्यासमोर आला, आपण नुसते बसलो होतो म्हणून आला. याच्यासोबत थोडं बसा. लगेच त्याला नाव देऊ नका.

त्याचा दुसरा फेरा होईपर्यंत डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते आठवू. मी कोणालाही आधी विचारत नाही की काय काय बदललं. विचारतो, काय काय झालं. त्यांनी बॅटरीचं सांगितलं, रिक्षाचं सांगितलं. मी गप्प राहिलो. माणसाचं मुख्य सांगून झाल्यावर गप्प राहिलं की दुसरं बारीकसारीक बाहेर येतं. त्या म्हणाल्या, "सकाळी काच आतून धुरकट असते, पुसावी लागते." मग बराच वेळ गेल्यावर, जाता जाता, म्हणाल्या, "आणि एक वास येतो. आजीच्या गोधड्या पावसाळ्यात वाळायच्या नाहीत ना, तसा." मी विचारलं, उन्हाळ्यात बॅटरी उतरली होती का. त्या दारातच थांबल्या. "नाही हो. मृगानंतरच सुरू झालं."

तिथे सगळं सांगून झालं होतं. पण तेव्हाही मी कारपेट उचकटलं नाही, कारण ऐकलेलं आणि मोजलेलं एका जागी आल्याशिवाय हात घालायचा नाही हे मी फार किंमत देऊन शिकलो आहे. त्यातली सगळी किंमत माझी नव्हती. बारा वर्षांपूर्वी एका गाडीत स्कॅनरने सांगितलं, अमुक कंट्रोलर उत्तर देत नाही. मी तो मागवला. जर्मनीहून यायला पाच आठवडे लागले, एक लाख चाळीस हजार रुपये झाले. असे कंट्रोलर त्या एका गाडीच्या नंबराशी बांधून घ्यावे लागतात, एकदा बांधले की परत जात नाहीत. बांधला, आणि दोष जसाच्या तसा. शेवटी त्या कंट्रोलरकडे जाणाऱ्या कपलरमधली एक पिन मागे सरकलेली निघाली. गिऱ्हाईक शाळामास्तर होते, निवृत्तीच्या पैशातून जुनी गाडी घेतलेले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मजुरी मी घेतली नाही, पण त्यांचे ते पैसे काही परत आले नाहीत. आजही स्कॅनर लावताना ते मास्तर मला दिसतात.

स्कॅनर वाईट नाही. त्याच्याशिवाय या गाड्यांत पाऊलही टाकता येत नाही. पण कोड म्हणजे साक्ष, निवाडा नव्हे. पी-०१७१ कोड आला तर तो एवढंच सांगतो की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी असं दिसलं. ज्याने हे पाहिलं तो ऑक्सिजन सेन्सर, आणि कितीतरी ठिकाणी त्यालाच काढून टाकतात. खरं पाहणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा. इंजिनाच्या मागे एखादा चिरलेला रबरी पाईप हवा ओढत राहतो, त्याच्याकडे कोणी वळत नाही. या गाडीत एकेचाळीस कोड होते. एकेचाळीस! त्यातले बहुतेक यू अक्षराचे, म्हणजे संपर्क तुटल्याचे. बॅटरी नऊ व्होल्टच्या खाली गेली की प्रत्येक कंट्रोलर गुदमरतो आणि शेजाऱ्याचा आवाज येईनासा झाला असं लिहून ठेवतो. ते सगळे खरं बोलतात, पण ते पडझडीनंतरचं बोलतात. प्रत्येक कोडशेजारी किलोमीटर आणि वेळ नोंदलेली असते. ती लावून पाहिली तर इतरांच्या आधीचा एकच कोड निघाला, अगदी किरकोळ, डाव्या पुढच्या सीटच्या पायाशी असलेल्या एका सर्किटचा. पुसट. येतो-जातो असा शेरा असलेला.

पुन्हा २८. चला, आता उठायचं, पण गाडीला कळू न देता.

फ्यूजकडे वाका. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके आहेत. फ्यूज न काढता मीटरच्या दोन सुया त्या ठिपक्यांवर टेकवायच्या आणि मिलिव्होल्ट वाचायचे. फ्यूज म्हणजे तरी काय, एक बारीक तार. दहा अँपिअरच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहमच्या आसपास. तिच्यातून थोडीही वीज वाहत असेल तर दोन टोकांत केसाएवढा फरक पडतोच. फरक शून्य म्हणजे त्या घरात सगळे झोपले. हात स्थिर ठेवा, कोपर सीटच्या कडेला टेकवा. वाचा. शून्य. शून्य. शून्य. सतरा ठिकाणी शून्य, किंवा शून्याच्या इतकं जवळ की ते तिथे असणंच अपेक्षित आहे. अठराव्यावर ०.१.

पुन्हा टेकवा. ०.१. एका मिलिव्होल्टचा दहावा हिस्सा. तेरा मिलिअँपिअरच्या आसपास, आणि या फ्यूजमागे रात्री काहीही चालू असायला नको.

इथे मला थांबावंसं वाटतं, तुम्हीही थांबा. ज्या २८ ला आपण निरोगी म्हटलं, त्यात हे तेरा होते. अख्खा आकडा मर्यादेत होता, पुस्तकाप्रमाणे बरोबर होता, आणि त्यातला जवळजवळ अर्धा आजार होता. हे तेरा मिलिअँपिअर बॅटरी उतरवत नव्हते. ते फक्त कुठेतरी झिरपत होते, आणि झिरपता झिरपता अधूनमधून एका जागवणाऱ्या वायरीला ढोसत होते. ते ढोसणं म्हणजे कोणीतरी दार वाजवलं, असं समजून सगळे उठत होते.

नकाशात त्या फ्यूजची वायर कुठे जाते? डाव्या पुढच्या पायाशी. गोधडीचा वास, धुरकट काच, पुसट कोड आणि हा ०.१, चौघं एकाच जागी येऊन उभे राहिले.

आता हात घाला.

कारपेट वरून कोरडं आहे. तळवा फिरवा, काही लागणार नाही. सगळे इथेच फसतात. दाराची खालची पट्टी उचकटून कारपेटची कड वर करा आणि बोटं खाली, त्या जाड फेल्टमध्ये घाला. दाबा. बघा, बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. थंड, तपकिरी, किंचित चिकट. हे फेल्ट आवाज अडवायला दोन बोटं जाड दिलेलं असतं आणि स्पंजासारखं आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतं. त्याच्या खाली, पत्र्याच्या खोलगट भागात, वायरिंगचा जुडगा कापडी टेपमध्ये गुंडाळलेला. टेप भिजून फुगली आहे. ती सावकाश सोडवली की आत एक काळा कपलर, करंगळीएवढा. त्याच्या कडेची खिटी दाबा, ओढा. उघडला.

दिव्याखाली धरा. बारा पिना. नऊ चकचकीत. तिघींच्या मुळाशी हिरवी-निळी साय.

माझी आजी याला कळंक म्हणायची. पितळेच्या पातेल्याची आतली कल्हई गेली की त्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकेल म्हणायची, आणि कल्हईवाला गल्लीत आला की आम्ही भोवती कोंडाळं करून बसायचो. नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा, आणि काळ्या पातेल्यात एकाएकी चांदणं पसरल्यासारखं कथील फिरायचं. या पिनांवरही कल्हईच असते, खरीखुरी, तांब्याच्या मिश्रधातूवर कथिलाचा पातळ थर. गाडीच्या थरथरीने पिना एकमेकींवर सूक्ष्म घासत राहतात, वर्षांनुवर्षं, आणि तो थर एका ठिपक्यापुरता जातो. मग ओल पोचते. मग कळंक धरतो आणि एका पिनेपासून दुसरीपर्यंत मिठाच्या ओलसर वाटेसारखा पसरतो. त्या वाटेने तेरा मिलिअँपिअर चालत होते. ऊन पडून फेल्ट थोडं सुकलं की वाट तुटायची आणि गाडी आठवडाभर बरी असायची.

पिना बदलायला एक दुपार लागली. खरवडून, स्प्रे मारून पुन्हा जोडण्याचा मोह टाळला, कारण खरवडलेल्या पिनेवर कल्हई उरत नाही. नव्या पिना दाबून बसवल्या, प्रत्येकीवर रबरी सील, आणि कपलर जुन्या जागेहून वीतभर वर बांधला. सीट काढावी लागली. सीटखाली एअरबॅगचे आणि बेल्टचे कपलर असतात, ते सोडवण्याआधी बॅटरी काढून थोडं थांबायचं, आणि ते परत जोडल्याशिवाय किल्ली चालू करायची नाही. फेल्ट पूर्ण वाळायला पंख्याखाली चार दिवस गेले. बाईंना मी रोज फोन करून सांगत होतो, अजून ओलं आहे. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की घाई करा.

पण पाणी आलं कुठून? इथे थांबलो असतो तर पुढच्या पावसाळ्यात नवा कपलरही हिरवा झाला असता.

गाडीच्या छताला सरकती काच आहे. पुष्कळांना वाटतं, काचेच्या कडेचं रबर पाणी अडवतं आणि गळलं की त्या रबराला सिलिकॉन फासतात. ते रबर सगळं पाणी अडवायला केलेलंच नाही. थोडं पाणी आत येणार हे धरूनच काचेभोवती पन्हळ दिलेली असते, आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांच्या आतून खाली, चाकांच्या मागे उतरतात. डॉक्टरबाईंची गाडी दवाखान्याच्या आवारात गुलमोहराखाली असते. गुलमोहराचं पान म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या शेकडो पानुल्या. डाव्या पुढच्या कोपऱ्यात त्यांचा काळा लगदा बसला होता, चहाच्या चोथ्यासारखा. नळी बंद, पन्हळ भरून वाहते, पाणी खांबाच्या आतून अस्तरामागे उतरतं, आणि वर छताला एक डागसुद्धा दिसत नाही.

ती नळी साफ करताना हवेचा प्रेशर मारू नका. अस्तरामागे नळीचा सांधा निसटतो, बाहेरून काही कळत नाही, आणि मग सगळं पाणी आतच पडतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, आणि हलक्या हाताने, फिरवत फिरवत आत सोडा. अडलं की थांबा, थोडं मागे घ्या, पुन्हा सोडा. कोपरभर गेल्यावर ती सैल झाली, आणि खाली चाकामागे आधी काळं, मग चहासारखं, मग स्वच्छ पाणी पडलं.

त्या रात्री मी पुन्हा बसलो, एकटा. छतावर अर्धा तास पाण्याचा पाईप सोडून मग मीटर लावला. ९ वरून खाली, ५, २, ०.३. चौतीस मिनिटांनी १५. बारा मिनिटं झाली, १५. एक तास, १५. दोन वाजता, डॉक्टरबाईंना फोन येतो त्या वेळेला, मी मुद्दाम जागा होतो. १५.

आता तुम्ही उठा. पाय मोकळे करा, किल्ली खिळ्यावरून घ्या. तुमच्या गाडीला वरती काच असेल तर या आठवड्यात एकदा, ऊन असताना, ती उघडा आणि पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात आमटीची एक वाटी पाणी ओता. सावकाश, कडेने. मग खाली पुढच्या चाकामागे वाकून बसा. पाणी लगेच येणार नाही, त्याला खांबातून उतरायचंय. गुडघे दुखतील, रस्त्याने जाणारे विचारतील काय पडलं म्हणून. पहिला थेंब दिसेपर्यंत तिथेच राहा, आणि तो दिसला की दुसऱ्या बाजूला जा.